भरतीआधी गळती मोजा: संशोधन विभागात सगळ्या थरांतले विद्यार्थी आणण्याची आणि टिकवण्याची रीत

प्रवेशाचा हंगाम जवळ आला की विभागाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: "आपल्याकडे सगळ्या थरांतले विद्यार्थी का येत नाहीत?" मग कुणी माहितीपत्रकातले फोटो बदलायला सांगतं, कुणी जाहिरात आणखी दोन ठिकाणी द्या म्हणतं, आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. अशा बैठकांना मी बरीच वर्षं बसले आहे आणि फोटो बदलण्याच्या बाजूने हातही वर केला आहे. आले किती, हे आम्ही दरवर्षी मोजायचो. एका वर्षी एका नव्या सहकाऱ्याने विचारलं, "गेले किती?" आणि कुणालाच सांगता आलं नाही.

म्हणून या लेखाची सुरुवात मी उलट्या टोकाकडून करते आहे. विभागप्रमुख, प्रवेश समितीचे सदस्य आणि पदव्युत्तर व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे, यांच्यासाठी तो आहे. 'सगळे थर' म्हणजे जात, वंश, लिंग, अपंगत्व, भाषा, घरची ऐपत, आणि घरातली कॉलेज पाहिलेली पहिली पिढी. यातलं कोण कमी आहे ते विषयागणिक बदलतं. भौतिकशास्त्रात बायका कमी असतात, परिचारिका शिक्षणात पुरुष. त्यामुळे दुसऱ्या विभागाची योजना जशीच्या तशी उचलू नका.

पायरी पहिली: गेलेल्यांचा तक्ता

गेल्या दहा वर्षांत नोंदणी केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ करा. रकाने असे: नोंदणीची तारीख, आधीचं कॉलेज, विद्यावेतन कुठून मिळतं, मार्गदर्शक कोण, शेवटचा पार केलेला टप्पा, त्याची तारीख, सध्याची स्थिती आणि सोडलं असेल तर कारण. सामाजिक पार्श्वभूमीची नोंद कायद्यात बसेल तेवढीच ठेवा, आणि हा तक्ता दोन-तीन माणसांपलीकडे जाऊ देऊ नका. जुन्या फायली काढाव्या लागतील. 'नोंदणी रद्द' असा शिक्का पडलेल्या फायलींत कारणाच्या जागी बहुधा एकच शब्द सापडेल: 'वैयक्तिक'. तो जितक्या वेळा सापडेल, तितक्या माणसांना आपण काही विचारलंच नव्हतं असं समजा.

आकडे लहान असतात, त्यामुळे टक्केवारीच्या नादी लागू नका. एखाद्या गटातले तीनच विद्यार्थी होते आणि एक गेला, तर 'तेहतीस टक्के गळती' या वाक्याला अर्थ नाही. त्या एकाचं काय झालं ते वाचा. शिवाय पीएच.डी. अर्धवट सुटणं एकंदरीतच सर्रास आहे. अमेरिकेतल्या 'कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स'ने बऱ्याच विद्यापीठांची आकडेवारी गोळा केली, तेव्हा दहा वर्षांत पीएच.डी. पूर्ण करणारे सुमारे ५७ टक्केच निघाले. अभियांत्रिकीत ६४ टक्क्यांच्या आसपास, मानव्यविद्यांत ४९. म्हणजे नुसतं 'निम्मे गेले' यावरून निष्कर्ष निघत नाही. एका गटातले लोक पुन्हापुन्हा एकाच टप्प्यावर थांबतात का, ते पाहायचं.

आम्ही तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवत गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. परीक्षेत नापास होऊन गेलेले अगदी थोडे होते. बहुतेक जण कोर्सवर्क संपल्यानंतर आणि संशोधन आराखडा मंजूर होण्याआधी गेले होते. त्या महिन्यांत वर्ग नसतो, वर्गमित्र नसतात, परीक्षेची तारीख नसते. असतो तो फक्त मार्गदर्शक, आणि तो दौऱ्यावर असतो. घरात आधी कुणी हे केलेलं असेल तर तो काळ 'असाच असतो' हे सांगणारं माणूस मिळतं. ज्याच्या घरात कुणी केलेलं नाही, तो समजतो की आपलंच चुकतंय.

सोडून गेलेल्यांशी बोलायचं असेल तर विभागाबाहेरचं माणूस नेमा. "का सोडलंत?" असं विचारलं की सभ्य उत्तर मिळतं. त्याऐवजी "हे जमणार नाही असं पहिल्यांदा कधी वाटलं, आणि त्या आठवड्यात काय झालं होतं?" असं विचारा. लोक तो आठवडा विसरत नाहीत.

पायरी दुसरी: कायदा काय म्हणतो

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती अर्ज छापायला जाण्याआधीच पार करा. देशागणिक नियम अगदी उलटसुलट आहेत. भारतात केंद्रीय शिक्षणसंस्थांमध्ये अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी ७.५, इतर मागास वर्गांसाठी २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. राज्यांची प्रमाणं वेगळी. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत, वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत मोडीत काढली. कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांना तर ती मनाई १९९६ च्या सार्वमतापासूनच आहे. २०२३ च्या निकालात एक बारकावा आहे: वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे अर्जदाराने स्वतः लिहिलं तर ते वाचायला बंदी नाही, मात्र त्या निबंधाचा वापर मागल्या दारासारखा करता येणार नाही.

काय विचारायचं, काय मोजायचं आणि काय जाहीर करायचं, हे त्यामुळे विधी सल्लागाराबरोबर किंवा आरक्षण कक्षाबरोबर बसून ठरवा. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी मात्र सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी करायच्या आहेत. विद्यावेतन वेळेवर द्यायला कुठलाच कायदा आड येत नाही.

राखीव जागा असतात तिथे आणखी एक रकाना वाढवा: किती जागा 'योग्य उमेदवार मिळाला नाही' या शेऱ्याने रिकाम्या राहिल्या, आणि तो शेरा लेखी परीक्षेनंतर पडला की मुलाखतीनंतर. लेखी परीक्षेत पुढे असलेले उमेदवार दरवर्षी मुलाखतीतच गळत असतील, तर उमेदवारांची चर्चा थांबवून मुलाखतीच्या खोलीत काय चालतं त्याची करा.

पायरी तिसरी: शोधायला आधी जा, आणि मेलला उत्तर द्या

जाहिरात पाहून अर्ज करणारा विद्यार्थी बहुधा आधीच तुमच्या वर्तुळातला असतो. नव्या वर्तुळातला विद्यार्थी ओळखीच्या माणसाच्या शब्दावर येतो, आणि ती ओळख एका भेटीत होत नाही.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातला फिस्क आणि व्हँडरबिल्ट या दोन विद्यापीठांचा सेतू कार्यक्रम इथे पाहण्यासारखा आहे. फिस्क हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं जुनं विद्यापीठ, व्हँडरबिल्ट शेजारचंच मोठं संशोधन विद्यापीठ. २००४ साली त्यांनी ठरवलं की विद्यार्थी फिस्कमध्ये पदव्युत्तर पदवी घेतील, पण त्या काळात व्हँडरबिल्टच्या प्राध्यापकांबरोबर संशोधनही करतील. त्यामुळे पीएच.डी.चा अर्ज येईपर्यंत तो विद्यार्थी कागदावरचा आकडा राहत नाही. त्याला लॅबमध्ये काम करताना कुणीतरी दोन वर्षं पाहिलेलं असतं. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतला मायरहॉफ कार्यक्रम (सुरुवात १९८८) त्याही आधी, पदवीपासून हात घालतो: प्रवेशाआधी उन्हाळी वर्ग, एकत्र अभ्यास, लवकर संशोधन, आणि एकेकटा नव्हे तर सगळी तुकडी पुढे नेण्याचा आग्रह. तो आधी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी होता, १९९६ पासून सगळ्यांना खुला झाला.

एवढा पैसा आणि माणूसबळ सगळ्यांकडे नसतं. त्यातल्या त्यात जमेल ते असं: चार-पाच कॉलेजं निवडा, जिथून आजवर कुणी आलेलं नाही पण विषय नीट शिकवला जातो. प्रत्येक ठिकाणचा एक शिक्षक ओळखीचा करा. सलग तीन वर्षं त्याच चार-पाच ठिकाणी जा. दरवर्षी नवी वीस कॉलेजं फिरण्यात फक्त प्रवासभत्ता खर्ची पडतो. भाषण द्यायला प्राध्यापकाऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा संशोधक विद्यार्थी पाठवा, त्याला त्याचे पैसे द्या, आणि त्याने खरं बोललेलं चालवून घ्या. दोन महिन्यांची उन्हाळी इंटर्नशिप ठेवणार असाल तर ती विद्यावेतनासह ठेवा. बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे ज्याला परवडतं त्याच्यासाठीच उघडं असलेलं दार.

आता मेलचं. संशोधक कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २५९ विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांवर प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवला: "मला पीएच.डी. करायची आहे, तुम्हाला भेटता येईल का?" बदललं ते फक्त खालचं नाव. गोऱ्या पुरुषाचं वाटेल अशा नावाला ज्या प्रमाणात उत्तरं आली, त्या प्रमाणात ती स्त्रियांच्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, भारतीय आणि चिनी वाटणाऱ्या नावांना, एकत्र धरून पाहिलं तर, आली नाहीत. त्यातही, भेट आजच मागितली होती तेव्हा फरक कमी दिसला. पुढच्या आठवड्यातली मागितली तेव्हा वाढला. दुष्ट हेतूची गरजच नसते. इनबॉक्समध्ये दीडशे मेल पडलेले असतात, आणि कुठला उद्यावर ढकलायचा हे हात ठरवतो.

यावर प्राध्यापकांना प्रवचन देण्यापेक्षा काम त्यांच्या हातातून काढून घेणं सोपं. 'संशोधन प्रवेश चौकशी' असा विभागाचा एकच मेल-पत्ता ठेवा, तो एका कर्मचाऱ्याकडे द्या, सात दिवसांत उत्तर हा नियम करा. उत्तराचा मसुदा तयार ठेवा, पण तो कोरडा नको. आमचा साधारण असा आहे: "तुमचा मेल मिळाला. प्रा. अमुक यांच्याकडे यंदा जागा आहे / नाही. तुमच्या विषयाच्या जवळचं काम आणखी दोघांकडे चालतं, त्यांची नावं खाली आहेत. पहिल्या मेलमध्ये काय लिहावं याचा एक नमुना जोडला आहे. प्रवेश शुल्क माफ होऊ शकतं, त्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही. दर बुधवारी एक संशोधक विद्यार्थी अर्धा तास फोनवर उपलब्ध असतो; त्याला काहीही विचारा, तो प्रवेश समितीत नाही." शेवटचं वाक्य सर्वात जास्त उपयोगी पडतं.

पायरी चौथी: अर्जातले खडे वेचा

विभागातल्या एखाद्याने स्वतः, अनोळखी नावाने, मोबाइलवरून तुमचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून पाहावा. पोर्टल कुठे अडकतं, कुठल्या कागदासाठी जुन्या कॉलेजात खेटे घालावे लागतात, हे तेव्हाच कळतं. शुल्कमाफी मागायला अर्ज, त्याला उत्पन्नाचा दाखला, त्याला आणखी कुणाची सही अशी साखळी असेल तर माफी कागदावरच राहते. तीन शिफारसपत्रं हवीतच का? लहान कॉलेजात विषयाचे दोनच शिक्षक असतात; तिसरं पत्र मग प्राचार्य लिहितात, ज्यांनी त्या मुलीला कधी पाहिलेलं नसतं.

'तुमच्याविषयी लिहा' हा मोकळा प्रश्न मला सर्वात अन्यायकारक वाटतो. त्याचं उत्तर कसं लिहायचं हे ज्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं ते छान लिहितात. प्रश्न तोडून विचारा: कुठल्या प्रश्नावर काम करायचं आहे? आजवर केलेल्या एका कामात काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत? शिकताना नोकरी किंवा घरची जबाबदारी होती का?

पायरी पाचवी: अर्ज वाचायची शिस्त

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण चांगल्या मनाची माणसं सर्वात जास्त चुका इथेच करतात.

२०१२ साली कॉरिन मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान विषयांच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठीचा एकच अर्ज दाखवला. निम्म्यांच्या प्रतीवर नाव होतं जॉन, निम्म्यांच्या प्रतीवर जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला गेला. असं करण्यात स्त्री प्राध्यापकही मागे नव्हत्या. शिफारसपत्रांचंही तसंच. एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीनशेवर पत्रांच्या अभ्यासात (२००३) स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने लहान निघाली आणि त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती. 'कष्टाळू' हे विशेषण दिसलं की मी आता थांबते आणि तपासते, की तेच काम मुलाने केलं असतं तर पत्रात 'प्रतिभावान' आलं असतं का.

प्रवेश परीक्षेच्या गुणांवर कटऑफ लावून ढीग अर्धा करायचा मोह प्रत्येकाला होतो. पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीआरई ही परीक्षा घेणारी अमेरिकेतली ईटीएस ही संस्था स्वतःच सांगते की नुसत्या जीआरईच्या गुणांवर कटऑफ लावू नका, इतर गोष्टींबरोबर पाहा. कायद्याने परीक्षा सक्तीची असेल तर ती घ्याच, पण त्यावर चाळणी किती बारीक ठेवायची ते तुमच्या हातात असतं.

उपाय म्हणजे गुणतक्ता, ज्याला सगळे रुब्रिक म्हणतात. चार-पाच निकष, प्रत्येकाला १ ते ४ गुण, आणि कुठल्या गुणाला काय दिसायला हवं त्याचं एका वाक्यात वर्णन. अर्ज उघडण्याआधी ही वाक्यं लिहून झाली पाहिजेत. आमचा 'संशोधनाचा अनुभव' हा निकष पहिल्या वर्षी फसला. एका अर्जात नामांकित लॅबमधले दोन उन्हाळे होते, शोधनिबंधावर तिसरं नाव होतं, 'आमच्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक' असं पत्र होतं. दुसऱ्या अर्जात अशा कॉलेजातली मुलगी होती जिथे संशोधन होतच नाही. तिने लिहिलं होतं की विभागातला जुना कलरीमीटर दर आठवड्याला वेगळं वाचन दाखवायचा, म्हणून तिने एकच द्रावण सलग अकरा शुक्रवार मोजलं, वाचनं वहीत उतरवली, आणि चूक दिव्याची आहे की फिल्टरची हे वेगळं काढलं. पहिल्याला सगळ्यांनी ४ दिले, दुसरीला १.

पुढच्या वर्षी वर्णन बदललं: "मिळालेल्या साधनांत स्वतःहून काय केलं, आणि ते कसं केलं हे सांगता येतं का?" या मापाने पाहिलं तर पहिल्या अर्जात त्या मुलाने स्वतः नेमकं काय केलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो वाईट होता असं नाही; त्याला विचारायला हवं होतं. अकरा शुक्रवारवाल्या मुलीला मात्र आम्ही तोवर घालवून बसलो होतो.

प्रत्येक अर्ज दोघांनी वेगवेगळा वाचावा आणि चर्चेआधी गुण भरून द्यावेत. चर्चेनंतर भरलेला तक्ता म्हणजे सर्वात मोठ्या आवाजाच्या सदस्याचं मत, दोन दशांश स्थळांपर्यंत. 'आपल्या विभागाशी जुळेल का' हा निकष ठेवायचाच असेल तर त्याचा अर्थ 'या विषयात मार्गदर्शक उपलब्ध आहे का' एवढाच ठेवा. आणि एका बैठकीत तीस अर्ज वाचू नका. पंचविसावा अर्ज कुणीच वाचत नाही, फक्त चाळतो.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रश्नांचं स्वरूप आठवडाभर आधी कळवलेलं. भाषा अडत असेल तर उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं ही मोकळीक, जिथे नियम देतो तिथे, आधीच सांगा. भाषेचा सफाईदारपणा आणि विषयाची समज यांची गल्लत मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांतच होते.

पायरी सहावी: निवड झाल्यापासून पहिल्या पगारापर्यंत

निवडपत्रात विद्यावेतनाची रक्कम, कालावधी, शुल्क वजा जाता हातात काय येतं, पहिला हप्ता कुठल्या तारखेला, घर किंवा वसतिगृहाचं काय, हे सगळं एका पानावर असावं. उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्याचा स्वीकार १५ एप्रिलच्या आत करायचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. हेतू हा की कुणाला घाईत कोपऱ्यात गाठू नये.

पहिला हप्ता ही जागा फार नाजूक आहे. आमच्याकडे एक विद्यार्थी तिसऱ्या महिन्यात लॅबला यायचा बंद झाला. मार्गदर्शकाच्या मते तो 'गंभीर नव्हता'. बँक खात्याच्या नावात आणि प्रमाणपत्रावरच्या नावात एका अक्षराचा फरक होता, त्यामुळे विद्यावेतन अडलेलं होतं आणि तो संध्याकाळचं काम करून खोलीभाडं देत होता. लेखा विभागाने त्याला तीनदा कळवलं होतं म्हणे, अशा मेल-पत्त्यावर जो विद्यापीठाने अजून सुरूच केला नव्हता. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रवेशाच्या दिवशीच हातात मिळणारी, नंतर हप्त्यांतून वळती होणारी आगाऊ रक्कम. आणि दर महिन्याच्या सहा तारखेला, ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांची यादी विभागप्रमुखाच्या टेबलावर. परिषदेला जायचं असेल तर तिकिटही विभागानेच काढावं. 'आधी खर्च करा, नंतर बिल लावा' ही पद्धत, ज्याच्या खात्यात खर्च करण्याइतकं काही नाही त्याला घरीच बसवते.

पायरी सातवी: पहिलं वर्ष एकट्याने काढू देऊ नका

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या उरी ट्राइसमन यांना प्रश्न पडला होता की पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी इतके नापास का होतात. सहकाऱ्यांची उत्तरं ठरलेली होती: तयारी कच्ची, घरून पाठबळ नाही, जिद्द कमी. ट्राइसमननी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी जवळून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट भरपूर घेत होते, पण एकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी स्वतंत्र अभ्यास झाल्यावर एकत्र बसत, एकमेकांच्या वह्या तपासत, आणि कुठला प्रश्न खरोखर अवघड आहे नि कुठला आपल्यालाच जमत नाही, हे त्यांना कळत असे. त्यावरून त्यांनी गटाने सोडवायच्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्यांत मुद्दाम नेहमीपेक्षा अवघड गणितं ठेवली. कच्च्यांची शिकवणी म्हणून त्या ओळखल्या जाऊ नयेत, ही खबरदारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

संशोधक विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ असा की 'मागास विद्यार्थ्यांसाठी साहाय्य वर्ग' अशी पाटी लावू नका. ज्यांना गरज आहे तेच ती टाळतील. सगळ्या पहिल्या वर्षासाठी आठवड्याला एक लिखाणाची बैठक ठेवा: दोन तास, एक खोली, प्रत्येकाने आपलं अर्धं पान आणायचं. आणि कुणी सांगत नाही त्या गोष्टींसाठी महिन्याला एक तास: मार्गदर्शकाला मेल किती वेळाने पुन्हा करावा, शोधनिबंध परत आला म्हणजे करिअर संपत नाही, परिषदेत अनोळखी माणसाशी काय बोलायचं, लेखकांच्या नावांचा क्रम कोण ठरवतं. कुणी एकाच पार्श्वभूमीचा एकटाच असेल, तर शेजारच्या विभागांना धरून गट करा.

"आपण इथे चुकून आलोय" ही भावना फार जणांना असते. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांमध्ये ती टिपली, आणि तिला आता सगळीकडे इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. त्यावर कार्यशाळा घेण्याची फॅशन आहे. माझं मत थोडं वेगळं आहे: प्रश्न विचारल्यावर खरोखरच हसणारा वर्ग असेल, तर त्या विद्यार्थ्याला सिंड्रोम झालेला नाही, त्याचं निरीक्षण बरोबर आहे.

पायरी आठवी: मार्गदर्शक

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं विद्यापीठ म्हणजे प्रत्यक्षात एक माणूस असतो. बाकी सगळ्या पायऱ्या नीट केल्या आणि ही राहिली, तर तक्त्यात काही फरक पडत नाही.

पहिल्या महिन्यात दोघांनी मिळून दोन पानांचा समजुतीचा कागद लिहावा. भेट किती दिवसांनी, मसुदा परत किती दिवसांत, सुट्टी कशी सांगायची, कामाचे तास, मार्गदर्शकाची खाजगी कामं विद्यार्थ्याने करायची नाहीत हे स्पष्ट शब्दांत, प्रबंधाखेरीजच्या कामाला किती वेळ. कोर्टात टिकणारा करार तो नाही. पण "सर, आपलं तीन आठवडे ठरलं होतं" एवढं म्हणायला विद्यार्थ्याला टेकू मिळतो. दुसरं, प्रत्येकाला सहमार्गदर्शक किंवा तिघांची समिती असावी, आणि वर्षातून एकदा समितीने मार्गदर्शकाला बाहेर बसवून विद्यार्थ्याशी पंधरा मिनिटं बोलावं. सगळ्यांच्याच बाबतीत करायचं, म्हणजे कुणी 'तक्रारखोर' ठरत नाही.

तिसरं आणि कठीण: मार्गदर्शक बदलण्याची वाट. ती नियमपुस्तकात असते, पण वापरली तर विद्यावेतन थांबतं, सामग्री जुन्या लॅबमध्ये राहते, आणि नवा मार्गदर्शक जुन्याशी वैर नको म्हणून नकार देतो. बदलाच्या काळासाठी सहा महिन्यांचं विद्यावेतन विभागाने स्वतःच्या निधीतून बाजूला काढून ठेवावं. आणि ज्या मार्गदर्शकाकडून दहा वर्षांत चार जण गेले, त्याला नवा विद्यार्थी देण्याआधी विभागप्रमुखाने बोलणं करायलाच हवं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. तो मार्गदर्शक विभागाला सर्वात जास्त निधी आणणारा असतो, हे मला माहीत आहे.

पायरी नववी: बाकीचा भार

२०१७ साली बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; सुमारे एक तृतीयांश जणांना मानसिक आजाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका दिसला. समुपदेशक असावाच, आणि तो विभागाच्या इमारतीत नसावा. पण विद्यावेतन, मार्गदर्शक आणि मुदती नीट केल्याशिवाय समुपदेशकाकडे पाठवणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. बाळंतपण, आजारपण, घरची शुश्रूषा यांसाठी मुदतवाढ मागावी लागू नये, नियमाने मिळावी. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना पीएच.डी.साठी दोन वर्षं जादा, आणि स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. ती आहे हे विद्यार्थिनीला नोंदणीच्या दिवशीच लेखी कळवा, पोट दिसायला लागल्यावर नको. अपंग विद्यार्थ्यासाठी रॅम्प असतो. लॅबचं टेबल किती उंच आहे, हे कुणी मोजलेलं नसतं.

आणि जे थोडे आलेत त्यांनाच प्रत्येक समितीवर, प्रत्येक फोटोत, प्रत्येक स्वागत समारंभात उभं करू नका. विचारलं तर ते नाही म्हणत नाहीत, म्हणूनच विचारताना तास मोजा, त्याचं मानधन द्या, नाहीतर शिकवण्याच्या तासांतून तेवढे कमी करा. आमच्या एका विद्यार्थिनीने वर्षभरात सतरा कार्यक्रमांत 'विभागाचं प्रतिनिधित्व' केलं होतं. त्या वर्षी तिच्या प्रबंधाचं एकही प्रकरण पुढे सरकलं नाही, आणि प्रगती समितीने शेरा मारला, 'लक्ष विचलित'.

तक्रारीसाठी विभागाबाहेरचं एक नाव, एक फोन नंबर आणि पहिलं उत्तर किती दिवसांत मिळेल हे प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या मागे छापा.

तक्ता पुन्हा उघडण्याची तारीख

हे सगळं एका वर्षात होत नाही, आणि एका वर्षाचे आकडे पाहून काही कळतही नाही. पहिल्या वर्षी माझ्या मते तीनच गोष्टी धरा: चौकशीच्या मेलला सात दिवसांत उत्तर, चर्चेआधी भरलेला गुणतक्ता, आणि सहा तारखेची यादी. तिन्हींना पैसे जवळपास लागत नाहीत. दुसऱ्या वर्षी कॉलेजांशी नातं आणि समजुतीचा कागद. मार्गदर्शक बदलाचा निधी मिळायला आम्हाला चार वर्षं लागली.

तक्ता दरवर्षी एकाच दिवशी उघडा, प्रवेशाची जाहिरात देण्याच्या महिनाभर आधी, आणि त्या बैठकीत दुसरा विषय ठेवू नका. आमच्याकडे आता तो संगणकावर आहे आणि कारणाच्या रकान्यात यादीतून निवड करावी लागते. त्या यादीत 'वैयक्तिक' हा पर्याय पहिल्या वर्षी होता. दुसऱ्या वर्षी कार्यालयातल्या बाईंनी तो कुणाला न विचारता काढून टाकला, आणि आम्हीही विचारलं नाही.